होडीवाल्याचे तोंड कुणीकडे?

रविवारची मिस्सा संपली, की महाडला आमच्या अंगणात माणसे पंधरा-वीस मिनिटे रेंगाळतात. संख्या फार नाही. औद्योगिक वसाहतीत नोकरीच्या निमित्ताने आलेली काही वसईकडची, काही गोवा-मंगळूरकडची, काही मराठवाड्यातली अशी ही कुटुंबे. कोणाची बदली झाली, कोणाच्या छपराला गळती लागली, कोणाच्या मुलीचे लग्न जमले, हे सारे तेवढ्या वेळात समजते. त्या रविवारी सगळे पांगले, तरी एक गृहस्थ मात्र चपला पायात घालून तसेच उभे राहिले होते. ते एका कारखान्यात बॉयलरवर काम करतात. मितभाषी माणूस. मी जवळ गेलो, तेव्हा ते खाली पाहतच म्हणाले,

"फादर, आमच्या पोराला दोन शब्द सांगा. तुमचं ऐकेल तो."

तक्रार अशी होती. मुलगा पदविका अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. दोन विषय मागे राहिलेले. वडिलांनी कारखान्यात साहेबांशी बोलून ठेवले होते. पास झाला की चिकटेल. पण मुलगा रात्र रात्र संगणकापुढे बसून एक काठी हलवीत असतो, आणि विचारले तर म्हणतो, मला गेम तयार करायचे आहेत.

"फादर, खेळ हा काय पोटापाण्याचा धंदा आहे?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "काळजी करू नका. शनिवारी पोलादपूरला येतो आहे, तेव्हा बोलतो त्याच्याशी." काय बोलायचे, हे त्या क्षणी माझ्या मनात तयारच होते. तीस वर्षांच्या सेवेत असे दोन शब्द मी किती मुलांना सांगितले असतील, याची गणती नाही. समोरच्याचे ऐकून घेण्यापूर्वीच उत्तर तयार असणे, हा आमच्या पेशाचा एक दोष आहे. तो मला ठाऊक नव्हता असे नाही. पण ठाऊक असलेले दोषही आपण वर्षानुवर्षे सांभाळीत असतो.

शनिवारी दुपारच्या एस.टी.ने निघालो. महाडहून पोलादपूरला जाणारा रस्ता दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला झुकत जातो. पोलादपूरला त्याला फाटा फुटतो. एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढते, दुसरी कशेडी ओलांडून खेडकडे उतरते. या तालुक्यातल्या माणसाचे आयुष्यच घाटांनी आणि नदीने आखलेले आहे. सावित्री महाबळेश्वरहून निघते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे समुद्राला मिळते. पूर्वी हे कुटुंबही महाडलाच राहत असे. जुलै २०२१च्या महापुरानंतर त्यांनी बिऱ्हाड पोलादपूरला, मुलाच्या मावशीच्या शेजारी हलविले.

मुलाची आई चहा ठेवायला आत गेली. मुलगा खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता. मी खुर्ची ओढली आणि पहिले वाक्य उच्चारणार, इतक्यात तो म्हणाला,

"बरं झालं तुम्ही आलात, फादर. सेमिनरीत जायच्या आधी तुम्ही गणित शिकला होतात ना? मी तुम्हाला तीन वेळा विचारलं होतं."

मला काही आठवेना. त्याने आठवण करून दिली. एकदा नाताळच्या तयारीच्या वेळी, मी म्हणालो होतो, "आता गव्हाणीचं बघ, नंतर ये." एकदा चालीसाच्या दिवसांत, मी म्हणालो होतो, "परीक्षा झाल्यावर ये." तिसऱ्यांदा तो नुसताच दारात उभा राहिला होता आणि मी फोनवर बोलत असल्याने परत गेला होता. हे सांगताना त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. तीच मला लागली.

दोन शब्द राहिले बाजूला. मी विचारले, "काय अडलंय?"

त्याने पडद्यावर खेळ उघडला. काळोखी रात्र, चहूकडे पाणी, पाण्यातून वर आलेली कौले आणि गच्च्या. मध्ये एक लहानशी होडी, तीत उभा असलेला एक माणूस आणि त्याच्या हातात विजेरी. काठी हलवील तशी होडी जाई. माणसाचे तोंड ज्या दिशेला, त्या दिशेला विजेरीचा उजेड. आणि त्या उजेडात जे दिसेल तेवढेच दिसे. खिडक्यांत, छपरांवर अडकलेली माणसे शोधायची आणि त्यांना उंचावर न्यायचे, एवढाच खेळ. बंदूक नाही, मारामारी नाही. मी मनातल्या मनात तयार करून आणलेल्या वाक्यांपैकी एक याच बंदुकांविषयी होते.

"होडी जाते नीट," तो म्हणाला, "पण माणसाचं तोंड भलतीकडेच वळतं."

वाचकांपैकी ज्यांनी ही काठी हाताळली नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिला जॉयस्टिक म्हणतात. १९७७ साली आलेल्या अटारीच्या प्रसिद्ध यंत्राबरोबर जी काठी मिळे, तिच्या तळाशी चार बाजूंना चार खटके असत. काठी उजवीकडे ढकलली की उजवा खटका दाबला जाई. तिरकी ढकलली की शेजारचे दोन एकदम दाबले जात. अशा रीतीने आठ दिशा मिळत, नववी नाही. हल्लीच्या काठ्या निराळ्या. १९९६ साली निन्टेन्डोच्या यंत्राबरोबर आणि पुढच्याच वर्षी सोनीच्या यंत्राबरोबर अंगठ्याने फिरवायची लहान काठी आली आणि ती प्रकारच रूढ झाला. आजच्या बहुतेक साध्या काठ्यांच्या मुळाशी दोन लहान रोध एकमेकांशी काटकोनात बसविलेले असतात. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याची जी खुंटी असे, त्याच जातीचे. एक रोध आडवा झुकाव सांगतो, दुसरा उभा. काठी संगणकाला दिशा सांगतच नाही. ती फक्त दोन संख्या सांगते. पूर्ण उजवीकडे म्हणजे अधिक एक, पूर्ण डावीकडे म्हणजे उणे एक; वर आणि खाली तसेच. या दोन संख्यांवरून माणसाचे तोंड किती अंशांत वळवायचे, हे ज्याने खेळ रचला त्याने ठरवायचे.

मला मनापासून आनंद झाला. हा तर शाळेतला काटकोन त्रिकोण! मी त्याच्याकडून कागद मागून घेतला. आडवी बाजू, उभी बाजू. दोहोंचे गुणोत्तर म्हणजे टॅन. त्या गुणोत्तरावरून उलट जाऊन कोन काढायचा. काठी उजवीकडे ०.६ आणि वर ०.८ असेल, तर उत्तरेपासून उजवीकडे सुमारे ३७ अंश. तीन, चार, पाचचा त्रिकोण, पायथागोरसही खूष. "आडव्याला उभ्याने भाग आणि टॅन उलटा कर," मी ऐटीत सांगितले.

त्याने तसे लिहिले आणि काठी माझ्या हातात दिली. वर ढकलली, माणूस वर पाहू लागला. तिरकी उजवीकडे वर ढकलली, बरोबर. मग खाली ओढली. होडी खाली निघाली आणि माणूस मात्र पाठ करून उभा. होडी आग्नेयेला, तोंड वायव्येला. मुलगा काही बोलला नाही. ते सभ्यपणाचे मौन मला चांगलेच ओळखीचे आहे; कंटाळवाण्या प्रवचनानंतर धर्मग्रामस्थ ते पाळतात.

परतीच्या बसमध्ये मी तोच विचार करीत बसलो. मनात महाडचा चौक आरंभबिंदू धरला. पोलादपूर तेथून सरळ रेषेत, ढोबळ मानाने, अकरा किलोमीटर दक्षिणेला आणि पाच किलोमीटर पूर्वेला. म्हणजे आडवी संख्या अधिक पाच, उभी उणे अकरा. भागाकार उणे. आता नेमके उलट जा : पाच पश्चिमेला, अकरा उत्तरेला. आडवी उणे, उभी अधिक. भागाकार पुन्हा उणे, आणि आकडा तोच! म्हणजे महाडच्या चौकात उभ्या असलेल्या ज्या माणसाला केवळ गुणोत्तर ठाऊक आहे, त्याला पोलादपूरची दिशा आणि जवळजवळ मुंबईची दिशा यांत फरकच कळणार नाही. भागाकार केला, की कोणती संख्या उणे होती ही गोष्ट पुसली जाते. शिवाय काठी नेमकी आडवी असली, की उभी संख्या शून्य, आणि शून्याने भागण्याची पाळी येते. माझे गणित चुकले नव्हते; पण भागाकाराच्या घाईत मी दोघांपैकी प्रत्येकाचे म्हणणे वेगवेगळे ऐकून घेतले नव्हते.

पुढच्या शनिवारी मी हे सारे त्याला समजावून सांगितले. उभी संख्या उणे असेल, तर आलेल्या कोनात १८० मिळवायचे. उणे २४ अधिक १८०, म्हणजे सुमारे १५६ अंश. होकायंत्रावर पोलादपूर बरोबर तेथेच आहे. तो हसला. म्हणाला, "फादर, यासाठी तयार फल असतं. एटॅन-टू. त्याला भागाकार द्यायचाच नाही, दोन्ही संख्या सुट्या द्यायच्या. आठवड्यात सापडलं मला. पण ते का लागतं, हे आत्ता कळलं." फोरट्रॅन या संगणकाच्या भाषेत हे फल १९६०च्या दशकापासून आहे, हे मी नंतर वाचले. ज्या गोष्टीसाठी मी बसमध्ये घाम गाळला, ती साठ वर्षांपूर्वी कोणी तरी करून ठेवली होती. तरीही तो प्रवास मला वाया गेला असे वाटले नाही.

त्या फलाचीही एक खोड आहे. शाळेतले गणित पूर्वेपासून मोजू लागते आणि घड्याळाच्या उलट फिरते. होकायंत्र उत्तरेपासून मोजते आणि घड्याळाप्रमाणे फिरते. फलाला आधी उभी संख्या द्यायची आणि मग आडवी, असा रिवाज. त्यांची अदलाबदल केली, की तेच फल होकायंत्राप्रमाणे उत्तर देते. ही एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे खेळातली माणसे काटकोनात वळून चालतात. आणखी गंमत अशी, की पुष्कळ ठिकाणी काठी वर ढकलली की उभी संख्या उणे येते, कारण पडद्यावरची मोजणी वरून खाली होते. कोण कुठून मोजतो आहे, हे आधी विचारून घ्यावे लागते. घरातली निम्मी भांडणे याच कारणाने होतात. पण ते असो.

त्या दिवशी आमच्या गप्पा बऱ्याच रंगल्या. मी त्याला 'साइन' या शब्दाची जन्मकथा सांगितली. आपल्याकडे धनुष्याच्या दोरीवरून 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणत. अरबांनी तो शब्द घेतला. स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे पुढे तो 'जैब' असा वाचला गेला, ज्याचा अर्थ वस्त्राची चुणी. आणि बाराव्या शतकातील भाषांतरकारांनी त्याचे लॅटिन 'सायनस' केले. चुकीच्या वाचनातून आलेला शब्द आज जगभर चालतो. गुणोत्तरावरून कोन काढण्याची श्रेढी केरळातील संगमग्रामच्या माधवाने चौदाव्या शतकात शोधली. ज्येष्ठदेवाच्या 'युक्तिभाषा' या मल्याळम ग्रंथात सोळाव्या शतकात तिची उपपत्ती आली. आणि युरोपात जेम्स ग्रेगरीला ती १६७१ साली गवसली. "म्हणजे माझा होडीवाला केरळच्या गणितावर वळतो?" मुलाने विचारले. मी म्हणालो, "वळतो खरा."

तोंड आता बरोबर वळू लागले, तरी एक व्याधी राहिली होती. त्याची काठी जुनी, कोणाकडून तरी निम्म्या किमतीत घेतलेली. हात लावला नाही तरी ती स्वस्थ बसत नसे. मधोमध असताना दोन्ही संख्या शून्य यायला हव्यात. येत होत्या कधी ०.०३, कधी उणे ०.०५. आकडे क्षुल्लक, पण एटॅन-टूला लांबीशी कर्तव्य नसते, त्याला दिशा पुरते. त्यामुळे काठी जागच्या जागी जराशी थरथरली, की होडीवाला गर्रकन मागे वळून पाही, पुन्हा पुढे, पुन्हा बाजूला. भुताने झपाटल्यासारखा.

यावर उपाय म्हणून मध्याभोवती एक वर्तुळ कल्पावयाचे, आणि काठी त्या वर्तुळात असेपर्यंत तिच्याकडे लक्षच द्यायचे नाही. या वर्तुळाला 'डेड झोन' म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स काठीच्या नियमावलीत डाव्या काठीसाठी ७८४९ हा आकडा सुचविलेला आहे; पूर्ण झुकाव ३२७६७. म्हणजे काठी जवळजवळ चौथा हिस्सा झुकेपर्यंत ती झुकलीच नाही असे समजायचे. हा प्रदेश आडव्यासाठी वेगळा आणि उभ्यासाठी वेगळा असा तोडून केला, तर काठी किंचित तिरकी असली तरी माणूस नाकासमोरच पाहतो. म्हणून दोन्ही संख्यांचे वर्ग मिळवून, वर्गमूळ काढून, एकच लांबी तपासायची. आणि वर्तुळ ओलांडताच माणसाने एकदम उडी मारू नये, म्हणून उरलेली लांबी पुन्हा शून्यापासून एकपर्यंत ताणून घ्यायची.

"किती ठेवू?" त्याने विचारले. "लहान ठेवलं तर थरथरतो. मोठं ठेवलं तर हळू ढकललेलं त्याला कळतच नाही. एखाद्याने अगदी हलक्या हाताने ढकललं, तर त्याला वाटेल खेळ बंद पडलाय."

तो काठीविषयी बोलत होता. मला मात्र गव्हाणी, परीक्षा आणि दारात उभे राहून परत गेलेला मुलगा आठवला. धर्मगुरूच्या दारात दिवसभर पुष्कळ थरथर येते. प्रत्येकीने वळायचे म्हटले तर तो कामातून जाईल. म्हणून आपण एक वर्तुळ आखतो. ते आखणे चूक नाही. परंतु वयाबरोबर ते वाढत जाते, आणि वाढल्याचे आतल्या माणसाला समजत नाही; कारण ज्यांनी हळू ढकलले, ते निघून गेलेले असतात.

आम्ही ०.१५ ठेवून पाहिले. त्याच्या काठीला तेवढे पुरले.

नंतरच्या शनिवारी मी गेलो, तेव्हा तो कपाळाला आठ्या घालून बसला होता. सारे जमले होते. ३५० अंशांवरून १० अंशांवर येताना होडीवाला पूर्वी ३४० अंशांचा उलटा फेरा घालायचा. आता तो जवळच्या बाजूने वीस अंशच वळत होता. दोन कोनांच्या वजाबाकीत ५४० मिळवायचे, ३६०ने भागून बाकी घ्यायची आणि तीतून १८० वजा करायचे, ही युक्ती त्याने स्वतःच शोधून काढली होती. मी पडताळून पाहिली, बरोबर होती. मग अडले कुठे?

"हात सोडा," तो म्हणाला.

मी काठीवरचा अंगठा काढला. होडी थांबली. आणि होडीवाला, इतका वेळ एका खिडकीकडे विजेरी रोखून उभा असलेला, सावकाश वळला आणि थेट वर, उत्तरेला पाहू लागला. खिडकी काळोखात गेली.

कारण मला चटकन समजले. हात सोडला की दोन्ही संख्या शून्य. शून्य आणि शून्य यांना दिशाच नाही; तो प्रश्नच निरर्थक आहे. परंतु यंत्राला विचारले तर ते गप्प बसत नाही. ते निःशंकपणे सांगते : शून्य अंश. आणि शून्य अंश म्हणजे उत्तर. "दर वेळी हात सोडला की तुझा माणूस रायगडाकडे बघतो," मी विनोदाने म्हणालो. महाडहून किल्ला उत्तरेलाच आहे. "बघू दे की. क्षणभर विसावला तर काय बिघडलं?"

तो हसला नाही. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहून हळू आवाजात बोलू लागला.

२१ जुलै २०२१च्या रात्री पाणी चढू लागले तेव्हा तो नववीत होता. घरात तो, आई आणि आजी. वडील रात्रपाळीला. वीज गेली, मग फोन गेले. तळमजला बुडाला, तेव्हा तिघे वरच्या माळ्यावर खिडकीशी जाऊन बसली. सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या गावात शिरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर एक होडी आली. तीत एकच माणूस होता. कोण, कुठला, हे त्यांना पुढेही कधी कळले नाही. तो समोरच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि तेथे त्याचे इंजिन बंद पडले. प्रवाह जोराचा होता. त्याने एका हाताने विजेच्या खांबाला धरले आणि दुसऱ्या हातातली विजेरी त्यांच्या खिडकीवर रोखली.

"तासभर तरी तो तिथे होता, फादर. त्याला हलता येत नव्हतं. काही करता येत नव्हतं. पण त्याने विजेरी दुसरीकडे वळवली नाही. आजी म्हणत होती, तो बघतोय तोवर आपण आहोत."

मग दुसरी होडी आली, दोर टाकला आणि सगळे सुटले. त्याच दिवशी संध्याकाळी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली होती आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली होती. त्या बातमीपुढे यांची गोष्ट कोणाला सांगण्यासारखी राहिलीच नाही. वडील दोन दिवसांनी पाण्यातून चालत आले. त्यांनी कधी विचारले नाही, आणि याने कधी सांगितले नाही.

"बाबांना वाटतं, आपण नव्हतो. म्हणून मी बोलत नाही," तो म्हणाला. आणि लगेच, जणू काही झालेच नाही अशा आवाजात, "तर फादर, हात सोडल्यावर तो उत्तरेला वळून चालणार नाही."

मी कागद पुढे ओढला. पण लिहिण्यासारखे फार नव्हते. लांबी वर्तुळाहून कमी असेल, तर कोन काढूच नये. नवा कोन विचारायचाच नाही. शेवटचा जो होता तो तसाच ठेवायचा. एक 'जर', बस्स. त्याने ती ओळ लिहिली. मी होडी त्या खिडकीसमोर नेली आणि अंगठा उचलला. होडी थांबली. विजेरी खिडकीवर तशीच राहिली. आम्ही दोघे बराच वेळ पडद्याकडे पाहत होतो. आत चहाला उकळी फुटल्याचा आवाज येत होता.

आता मुलाच्या वडिलांना काय सांगावे, हा प्रश्न उरला. मुलाने मला जे सांगितले, ते मी सांगणे योग्य नव्हते. ते त्याचे होते. रविवारी ते अंगणात भेटले आणि त्यांनी अपेक्षेने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बोललो. दोन विषय तो सोडवील, तसा शब्द मी घेतला आहे. पण तुम्ही एकदा त्याच्या शेजारी बसून तो काय करतो ते पाहा. मी त्याला टाकून बोलायला गेलो होतो. माझंच चुकलं होतं." धर्मगुरूच्या तोंडून हे वाक्य त्यांनी पूर्वी ऐकले नसावे. ते जरा गोंधळले.

पुढच्या शनिवारी ते मुद्दाम घरी थांबले. मुलाने काठी त्यांच्या हातात दिली. बॉयलरचे चाक फिरवून राठ झालेला तो अंगठा काठीवर फार मोठा दिसत होता. होडी भिंतीवर आदळली. मुलाने पडद्यातला कॅमेरा होडीच्या मागे फिरता ठेवला होता, म्हणून काठीच्या कोनात कॅमेऱ्याचा कोन मिळवावा लागे. पाहणारा वळला की 'वर'चा अर्थही बदले. वडील वैतागून म्हणाले, "अरे, पण वर म्हणजे नक्की कुठे?"

"तुम्ही जिकडे बघताय तिकडे, बाबा."

ते थोडे सावरले. होडी गल्लीत शिरली. कौले, विजेचा खांब, कोपऱ्यावरचे दुकान. त्यांचा अंगठा मंदावला. ती गल्ली त्यांनी ओळखली होती. विजेरीचा उजेड एका माळ्याच्या खिडकीवर पडला आणि तीत तीन आकृत्या दिसल्या; एक म्हातारी, एक बाई, एक मुलगा. त्यांनी काठी सोडून दिली. हात मांडीवर ठेवला. उजेड खिडकीवरून हलला नाही.

"हे आपलं घर," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "हो." मग बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "किती वेळ होता तुम्ही तिथे?"

मी उठलो. महाडची शेवटची बस चुकवून चालणार नव्हते, आणि तसेही तेथे माझे काही काम उरले नव्हते. दाराशी मुलाची आई उभी होती. ती मला थांबा म्हणाली नाही.

मुलाचे दोन्ही विषय सुटले. तो कारखान्यात जाणार की पुण्याला, हे अजून ठरलेले नाही. बापलेकांत त्यावर वाद होतात, आणि मिस्सेनंतर दोघेही आपापली बाजू मला ऐकवितात. मी दोघांचे सुटे सुटे ऐकून घेतो, भागाकार करीत नाही. आणि कोणी दारात नुसताच येऊन उभा राहिला, तर हातातला फोन खाली ठेवतो. दर वेळी जमते असे नाही. पण वर्तुळ थोडे लहान केले आहे.